वेगळी चूल मांडावी का?



मागच्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेबारा झाले असतील. पाऊस नुसता कोसळत होता आणि आमच्या आर्णी रोडच्या बाजूची वीज संध्याकाळपासून गेलेली. मागच्या गल्लीतून एका बाईच्या ओरडण्याचा आवाज आला. आमचे हे कूस बदलत म्हणाले, "दुसऱ्याच्या घरातलं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?" मीही क्षणभर गप्प राहिले. पण दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी कोणाला न विचारता फोन उचलला आणि ११२ लावला.

पलीकडून एका बाईचाच आवाज आला. मी घाबरून भलतंच काहीतरी सांगत सुटले होते. तिनं मला थांबवलं. "ताई, दम घ्या. आधी गाव सांगा. आता जवळची खूण सांगा, शाळा, देऊळ, दुकान, काहीही." मी सांगितलं. थोड्या वेळानं गल्लीत गाडीचा उजेड पडला. ती शेजारीण वाचली, आज माहेरी सुखरूप आहे.

दुसऱ्या दिवशी चहा गाळताना मला त्या फोनवरच्या बाईची आठवण झाली. तिचं नाव मी विचारलं नव्हतं, आभारही मानले नव्हते. त्या रात्री तिचं घर कोण सांभाळत असेल, हा विचार तर मनाला शिवलाही नव्हता.

हे सारं आज आठवायचं कारण म्हणजे एका वाचक भगिनीचं पत्र. त्या पोलीस खात्यात आहेत, नियंत्रण कक्षात फोन आणि वायरलेसवर बसतात. कुठल्या जिल्ह्यात ते सांगत नाही, नावही छापत नाही. त्या लिहितात:

"आमचं काम खुर्चीवरचं, म्हणून सगळ्यांना ते आरामाचं वाटतं. सणासुदीला माणसं बंदोबस्ताला गेली की उरलेल्यांची पाळी लांबते. पोळा, गौरी, दिवाळी मला ठाऊकच नाही. घरी पोळ्या लाटतानासुद्धा कानात घंटी वाजत राहते. मागं एका रात्री एक मुलगी फोनवर बोलता बोलता गप्प झाली. मी गाडी पाठवली, पण तिचं पुढं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. सकाळी घरी येऊन मी मुलाचा डबा केला. आता आमच्यातल्या काही जणांनी ठरवलंय, की आम्हा फोनवाल्यांची वेगळी संघटना काढायची आणि आमच्या पाळीचं, रजेचं आम्हीच साहेबांशी बोलायचं. सह्यांचा कागद फिरतोय. यजमान म्हणतात, सही करशील तर नोकरी जाईल. सासूबाई म्हणतात, कर, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. ताई, तुम्ही काय म्हणता?"

प्रश्न एका घरचा आहे आणि आपल्या सगळ्यांचाही आहे. म्हणून आज लोणच्या-मुरंब्याला सुट्टी देऊ आणि हाच विषय नीट उलगडून पाहू.

आधी हे काम काय असतं ते समजून घ्या. महाराष्ट्रात तुम्ही ११२ लावलात की फोन लागतो नवी मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या केंद्रात. तिथून माहिती जाते त्या त्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला, आणि तो कक्ष जवळची गाडी पाठवतो. आपला यवतमाळ जिल्हा सोळा तालुक्यांचा. इकडे नेर, तिकडे उमरखेड, पलीकडे वणी आणि झरी जामणी. कोणाची गाडी कुठं आहे, कोण मोकळं आहे, नदी-नाल्याला पूर आला असेल तर कुठून जायचं, हे त्या खुर्चीतल्या माणसाला मिनिटभरात ठरवावं लागतं. चुकलं तर बोल त्याला लागतो. बरोबर आलं तर शाबासकी जाते गाडीतल्यांना. आपल्या स्वैपाकघरातलंच गणित नाही का हे? जेवण झाल्यावर वाढणाऱ्याचं कौतुक, चुलीपुढची विसरली जाते.

आता कायद्याचं पाहू. इथं यजमानांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, हे मी आधीच सांगते.

आपल्या घटनेनं १९व्या कलमात सगळ्या नागरिकांना संघटना करण्याचा हक्क दिला. पण ३३व्या कलमानं संसदेला अशी मुभा दिली, की सैन्य, पोलीस अशा दलांतल्या माणसांचे हक्क शिस्तीसाठी कमी करता येतील. त्या आधारावर १९६६ साली पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. परवानगीशिवाय पोलीस कामगार संघटनेचा सभासद झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळाला मात्र आडकाठी नाही. म्हणजे भजनी मंडळ चालेल, पण पाळीची वेळ बदला म्हणणारी संघटना परवानगीशिवाय चालणार नाही!

आणि फोनवाल्यांसाठी तर खास गोष्ट आहे. १९८४ साली घटनेत ५०वी दुरुस्ती झाली, तेव्हा ३३व्या कलमात नवी माणसं घातली गेली. त्यात या दलांसाठी उभारलेल्या दूरसंचार यंत्रणेत काम करणारे स्पष्टपणे आले. म्हणजे "आम्ही काही काठी घेऊन रस्त्यावर उभे नाही, नुसते फोनवर बसतो" असं म्हणून सुटका नाही. पुढे १९८६ साली दिल्लीच्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही १९६६ चा कायदा उचलून धरला.

एवढी कडकाई कशासाठी, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळतं. ज्या बायका आज साठीच्या पुढं आहेत त्यांना १९८२ चा ऑगस्ट आठवत असेल. मुंबईत गिरण्यांचा संप चालूच होता. त्या वेळी महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटना नावाची पोलिसांची संघटना होती. पगार, घरं, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक अशी तिची गाऱ्हाणी. स्वातंत्र्यदिनी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. त्यानंतर सरकारनं संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना धरलं, आणि १८ ऑगस्टला पोलीसच रस्त्यावर उतरले. जाळपोळ, लूट झाली, लोकलगाड्या अडल्या, माणसं दगावली. सैन्य बोलवावं लागलं. कित्येक पोलिसांच्या नोकऱ्या गेल्या. त्या घरांत चूल कशी पेटली असेल, ते त्या घरच्या बायांनाच ठाऊक.

त्या दिवसानं दोन धडे दिले. ज्यांच्या हाती शहराची राखण आहे त्यांनी काम टाकलं तर गरिबाचंच घर आधी लुटलं जातं, हा पहिला. दुसरा धडा मात्र आपण सोयीनं विसरतो. गाऱ्हाणं सांगायची वाट बंद केली म्हणून गाऱ्हाणं मरत नाही. कुकरची शिटी दाबून धरली तर काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगणार!

म्हणून आता त्या कायद्यातला एक शब्द पुन्हा वाचा. "परवानगीशिवाय." कायदा असं म्हणत नाही, की पोलिसांना संघटना कधीच नाही. तो म्हणतो, सरकारच्या मंजुरीवाचून नाही. म्हणजे दार भिंतीनं बुजवलेलं नाही. कुलूप आहे, आणि किल्ली सरकारजवळ आहे.

ही किल्ली दुसरीकडे फिरली आहे. केरळात १९७९ पासून पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे, तिच्या निवडणुका होतात. म्हणून काही केरळातल्या बायाबापड्या वाऱ्यावर पडल्या नाहीत. आपल्याकडे आयपीएस साहेबांचीही आपली संघटना असतेच. मग शिपायानं आणि फोनवरच्या बाईनं तेवढं तोंड दाबून बुक्क्यांचा मार का खायचा?

विलायतेतही असंच घडलं होतं. तिथं १९१८ आणि १९१९ साली पोलिसांनी संप केले. मग १९१९ च्या कायद्यानं पोलिसांना कामगार संघटना बंद केली, पण त्याच कायद्यानं त्यांच्यासाठी पोलीस फेडरेशन उभं करून दिलं. संप नाही, पण बोलायला जागा आहे. तिथं नियंत्रण कक्षात फोन घेणारे बरेचसे जण पोलीस नसून नागरी कर्मचारी असतात. ते फेडरेशनमध्ये न जाता युनिसन या सार्वजनिक सेवेतल्या नोकरांच्या मोठ्या संघटनेत असतात. अमेरिकेत तर बऱ्याच शहरांत हाच वाद रंगतो, की फोनवाल्यांनी गस्तीच्या पोलिसांबरोबर बसून मालकाशी बोलायचं, की आपली वेगळी चूल मांडायची.

तर, वेगळी चूल मांडावी का?

एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला दोन्ही बाजू कळतात. मोठ्या घराला वजन असतं. शंभर माणसं एका तोंडानं बोलली तर साहेब ऐकतो, चौघांना कोण विचारतो? शिवाय आज फोनवर बसलेला उद्या ठाण्यात असतो, परवा बंदोबस्तात. गाडीतला आणि फोनवरचा यांच्यात तुझं-माझं झालं तर नुकसान वाट पाहणाऱ्या माणसाचं. हे सगळं खरं आहे.

पण मोठ्या घरात धाकट्या सुनेचं दुखणं शेवटी विचारलं जातं, हेही तितकंच खरं. पोलिसांच्या मागण्या निघाल्या की घर, पगार, बढती, बंदोबस्ताचा भत्ता हे विषय वर येतात. कानाला लावलेल्या यंत्राचा त्रास, एका जागी बसून पाठीला लागलेली कळ, दोन फोनांच्या मधे पाणी प्यायला मिळणारी उसंत, वाईट फोन झाल्यावर पाच मिनिटं बाहेर जाऊन यायची सोय, आणि "त्या मुलीचं पुढं काय झालं" हे कळण्याचा हक्क, हे त्या मोठ्या यादीत कुठं बसणार? ही दुखणी त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळतच नाहीत.

माझं मत विचाराल तर मी म्हणेन, घर एकच असू द्या, पण त्यात फोनवाल्यांची आपली ओटी असू द्या. सगळ्या पोलिसांची सरकारमान्य संघटना, आणि तिच्यात नियंत्रण कक्षातल्यांचा वेगळा गट. त्यांनीच निवडलेली माणसं, त्यात निम्म्या तरी बायका. त्या गटाशी साहेबांनी ठरल्या मुदतीत बसून बोललंच पाहिजे आणि काय ठरलं ते लिहून दिलंच पाहिजे. बदल्यात त्यांनी एक गोष्ट कायमची सोडायची, ती म्हणजे संप. फोन वाजला की उचलायचाच. त्या श्रावणातल्या रात्री माझा फोन कोणी उचलला नसता तर? या एका बाबतीत मी मागं हटणार नाही, आणि पत्र लिहिणाऱ्या बाईही हटणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. पण जो माणूस संपाचा हक्क सोडतो, त्याचं ऐकून घेण्याची सक्ती दुसऱ्यावर असलीच पाहिजे. नाहीतर त्याला त्याग कशाला म्हणायचं? ती वेठबिगारी झाली.

कोणी म्हणेल, साहेब चांगले असले की आपोआप सुधारतं. सुधारतं, नाही असं नाही. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची मांडणी एका साध्या पोलीस कर्मचाऱ्यानंच अभ्यास करून केली होती, आणि तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली. २०२१ मध्ये महिला पोलिसांना बाराऐवजी आठ तासांची पाळी देण्याचा प्रयोग नागपूर शहर, अमरावती शहर आणि पुणे ग्रामीणमध्ये झाला, आणि २०२२ च्या जानेवारीत तो राज्यभर न्यायचा आदेश निघाला. फार चांगलं झालं. पाळीचा गुंता सोडवण्याची अक्कल पाळी करणाऱ्याजवळच असते, हेही त्यातून दिसलं. पण आदेशानं आलेलं आदेशानं जाऊही शकतं. सणाला, निवडणुकीला, दंगलीला माणसं कमी पडली की आठाचे बारा व्हायला कितीसा वेळ लागतो? आपल्या पोलीस कायद्याचं २८वं कलम तर सांगतं, की पोलीस हा सदैव कामावरच आहे असं धरायचं. मेहरबानी आणि हक्क यांत हाच फरक. सासूनं खुशीनं दिलेली साडी आणि आपल्या नावावरचं स्त्रीधन, दोन्ही रेशमीच असतात, पण कपाटाची किल्ली कोणाकडं ते पाहावं लागतं.

आणि नवऱ्यांना बोलता येत नाही तेव्हा बायकांना बोलावं लागतं. आपल्या जिल्ह्याला लागूनच तेलंगण आहे. तिथं २०२४ च्या ऑक्टोबरात विशेष पोलीस दलातल्या शिपायांच्या बायका लेकरं घेऊन रस्त्यावर आल्या. नवरे सारखे इकडून तिकडे पाठवले जातात, घरी येत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणं. पुढे दलातल्या कित्येक जणांना निलंबित केलं गेलं, काहींना कामावरून काढलं गेलं. १९६६ चा कायदा बायकांना लागू नाही, पण झळ घरालाच बसते. तेव्हा "आपण मोर्चा काढू, त्यांचं काही बिघडणार नाही" हा सल्लाही मी कोणाला डोळे मिटून देणार नाही.

आता पत्र लिहिणाऱ्या बाई, तुमच्यासाठी.

तुमचं दुखणं खरं आहे आणि मागणी रास्त आहे. पण तो कागद आहे तसा सही करू नका. "संघटना स्थापन करीत आहोत" असं त्यावर लिहिलेलं असेल तर यजमानांची भीती खरी ठरू शकते. सासूबाईंचं म्हणणंही सोडू नका, फक्त वाट बदला.

एक. एक वही घाला. रोजची पाळी किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, साप्ताहिक सुट्टी मिळाली की बुडाली, एवढंच तारखेनिशी लिहा. फोनवरच्या कोणाचं नावगाव किंवा कामातली गुप्त गोष्ट मात्र त्यात येऊ देऊ नका. महिन्याचा किराणा लिहितो तसंच हे. तीन महिन्यांनी त्या वहीइतकं बोलकं दुसरं काही नसेल.

दोन. कानाचा त्रास अंगावर काढू नका. सरकारी रुग्णालयात दाखवा आणि कागद जपून ठेवा.

तीन. एकीच्या नावानं एक, असे ज्याचे त्याचे अर्ज द्या, वरिष्ठांमार्फत आणि पोच घेऊन. भाषा मऊ ठेवा, मागणी नेमकी. "आम्हाला न्याय द्या" असं मोघम न लिहिता "सलग किती तासांनंतर बदली मिळावी, वाईट फोननंतर किती मिनिटं विश्रांती मिळावी" असं लिहा. साहेबांचा दरबार भरतो तेव्हा तेच तोंडी सांगा.

चार. संघटनेची गोष्ट काढायचीच असेल तर तिथं मागणीचा शब्द "मंजुरी" हाच ठेवा. "कायद्यात तरतूद आहे, त्याप्रमाणे आम्हाला मान्यता द्यावी" असं सरकारला विचारणं आणि मान्यतेवाचून संघटना काढून मोकळं होणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मसुदा आधी एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा.

पाच. रजा, पाळी, बदली यांत अन्याय झाला आणि अर्जांना उत्तरच नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. विदर्भासाठी त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. तिथं जायला संघटना लागत नाही. पण मुदती असतात, तेव्हा वर्षानुवर्षं वाट पाहत बसू नका.

आणि यजमानांना माझा एक निरोप द्या. बायको रात्रपाळीहून आली की दोन तास घरात फोन वाजू देऊ नका, मुलाचा डबा त्या दिवशी तुम्ही भरा. त्याला कुठल्याही सरकारची मंजुरी लागत नाही.

राहिल्या आपण बाकीच्या. संघटना मिळेल तेव्हा मिळेल, पण त्या खुर्चीवरचं ओझं आपण आजच थोडं हलकं करू शकतो. घराचा पत्ता आणि जवळची ठळक खूण एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. घाबरलं की आपलंच घर सांगता येत नाही, हा माझा अनुभव आहे. ११२ लावला की आधी जागा सांगा, मग काय घडतंय ते, आणि पलीकडची बाई सांगेपर्यंत फोन ठेवू नका. लेकरांना हा नंबर पाठ करून द्या, पण गंमत म्हणून लावायचा नाही हेही बजावा. तुमच्या पोराच्या गमतीपायी एखादीचा खरा फोन थांबतो.

आणि हो, काम झालं की "ताई, उपकार झाले" एवढं म्हणायला विसरू नका. मी विसरले होते. म्हणून आज इथं म्हणते.